सोय मायोर

विषय : बायको नवऱ्यापेक्षा वयाने मोठी असल्याचे स्पॅनिशमध्ये सांगणेबाबत.
संदर्भ : श्री. मधुकर ढोबळे यांचा सपत्नीक व्हिसा अर्ज.

निवृत्त कारकुनाजवळ किस्से फायलींसारखे साचतात. निकाली एकही निघत नाही. ही फाईल आमच्या रुआबांधा वस्तीतली. ढोबळे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर होता. त्याची मुलगी मंजू स्पेनला असते. तिला आठवा महिना. ढोबळे नवरा-बायकोला बाळंतपणाआधी तिकडे पोहोचायचं होतं.

शेजारच्या कुम्हारी गावातल्या व्हिसा एजंटाने घाबरवलं. "अंकल, इंटरव्यू में स्पॅनिश में भी पूछ लेते हैं. आंटी उमर में बड़ी दिखी, तो जरूर पूछेंगे!"

वास्तविक ढोबळे बायकोहून, म्हणजे आमच्या वहिनींहून, तीन वर्षांनी मोठा. पण गावच्या मास्तरांनी शाळेत घालताना त्याचं वय चार वर्षांनी कमी लिहिलं. तेच सर्व्हिस बुकात, तेच पासपोर्टवर. म्हणून कागदोपत्री वहिनी एका वर्षाने मोठ्या!

"खरं बोललो तं पेन्शन जाईन, खोटं बोललो तं व्हिसा," ढोबळे म्हणाला. त्याने बशीत ओतलेला चहा परत कपात ओतला.

*

मंजू फोनवरून शिकवायची. मी वही घेऊन हजर. पहिल्याच दिवशी कळलं, तिकडे माणसाला वर्षं होत नाहीत, ती त्याच्याजवळ असतात. 'माझ्याजवळ चौसष्ट वर्षं आहेत' असं म्हणायचं.

ढोबळे पांढराफटक. "अन् त्याईनं झडती घेतली तं? चार जास्तीची निघतील ना बे!"

*

म्हाताऱ्याला विएहो, म्हातारीला विएहा. 'माझी बायको जास्त विएहा' हे ढोबळेने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून घोकलं.

"बाबा, क्या बोल रहे हो! ते जुन्या सोफ्याले म्हणतात. माणसाले मायोर म्हणा!" मंजू ओरडली.

फोन स्पीकरवर होता. दोन दिवस चहात साखर नव्हती.

*

वहिनींचं वाक्य एकच : 'सोय मायोर के मि एस्पोसो.' मी नवऱ्यापेक्षा मोठी आहे. वहिनी ऐकेनात.

"तीन वर्षानं लहान हाओ मी. परदेशासाठी म्हातारी कावून होऊ?"

मी सुचवलं, "मायोर म्हणू नका. आपलं मायेर, म्हणजे माहेर, असं लक्षात ठेवा."

"सोय मायेरची? मंग ठीक. ह्यायच्यापेक्षा माहं मायेर मोठंच हाय!"

*

मुलाखत मुंबईला झाली. हे वहिनींनी सांगितलेलं. बीपीची गोळी घेतली की नाही, हे ढोबळेला आठवत नव्हतं, म्हणून त्याने पुन्हा घेतली. साहेबाने दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवले, जन्मतारखांवर पेन टेकवलं आणि चक्क हिंदीत विचारलं, "आप दोनों में बड़ा कौन है?"

ढोबळेचं स्पॅनिश गेलं, पाठोपाठ हिंदीही.

वहिनी पदर सावरून पुढे झाल्या. "कागज में मैं. घर में भी मैं. बाकी इनसे मत पूछिए, घबरा जाते हैं."

साहेबाने वहिनींकडे पाहिलं, मग ढोबळेकडे. काहीतरी लिहिलं आणि कागद पालथा ठेवला.

मंजूला परवा नववा लागला. अर्ज विचाराधीन आहे.