आत्तोबांची आफ्रिका

आफ्रिका खंडाची मनापासून काळजी वाहणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो बेळगावात, शहापूरच्या बाजूला, आमच्या घरापासून चार दारं सोडून राहतो. त्यानं आफ्रिका पाहिलेली नाही. पाहायची इच्छाही नाही. निपाणीला लग्नाला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून त्याचं पोट बिघडतं. हा माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आत्तोबा. गावाबाहेर मच्छेच्या एका फाउंड्रीत त्यांनी उभा जन्म पॅटर्नमेकर म्हणून काढला. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिची हुबेहूब लाकडी प्रत करावी लागते, ती वाळूत दाबून साचा होतो, आणि मग रस ओततात. ती लाकडी प्रत करणारे आत्तोबा. हाताला असं वळण की त्यांनी पोस्टकार्डावर पत्ता लिहिला तरी पोस्टमन दोन मिनिटं बघत उभा राहायचा. त्यामुळे रिटायर झाल्यावर गल्लीच्या मंडळाचा फळा आपसूक त्यांच्याकडे आला. माझं अक्षरही मी एकदा मंडळाला दाखवलं होतं. मी शाळेत क्लार्क असल्यामुळे मला आशा होती. सेक्रेटरीनं ते निरखून बघितलं आणि विचारलं की हे उलटं धरलंय काय.

आमच्याकडे गल्लीच्या तोंडाला फळा असतोच. उद्या पाणी येणार नाही, अमक्यांचं रक्षाविसर्जन सकाळी आठ वाजता, तमक्याची मुलगी बारावीत पहिली आली, एवढा त्याचा संसार. आत्तोबांनी मधोमध रेघ मारली. खालच्या अर्ध्यात गल्ली, वरच्या अर्ध्यात आफ्रिका. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, मंडळाचा काहीतरी कार्यक्रम असेल. मग सवय झाली. वर ‘मोझांबिकला वादळाचा तडाखा’ आणि खाली ‘पाणी संध्याकाळी सहा ते सात’ हे आम्ही एका दमात वाचू लागलो. आमच्या गावात पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून माणसांची आयुष्यं गेली आहेत. आत्तोबा एक दिवस मराठी वर लिहीत, दुसऱ्या दिवशी कन्नड वर. मोझांबिकचं वादळ दोन्ही बाजूंपैकी कुणाचंच नव्हतं, म्हणून हरकतही कुणी घेतली नाही.

मी ज्या वर्षाबद्दल सांगतोय ते दोन हजार तेवीस. त्या वर्षी त्या खंडाला एक महिना स्वस्थता मिळाली नाही, आणि पर्यायानं आत्तोबांनाही नाही. त्यांची एक शिस्त होती. आजची बातमी आज लिहायची नाही. ओतीव काम तापलेलं असताना हात लावायचा नसतो, आणि निवलं की ते आकसतं, हे त्यांना फाउंड्रीनं शिकवलेलं. म्हणून प्रत्येक बातमी तीन दिवस निवत ठेवायची आणि जेवढी उरेल तेवढी लिहायची. फेब्रुवारीत मोझांबिकला झोडपून गेलेलं वादळ समुद्रात फिरलं आणि मार्चमध्ये परत तिथंच आलं, तेव्हा या शिस्तीमुळे फार गोंधळ झाला. पहिलीच बातमी पुसायची राहिली, असं समजून सेक्रेटरीनं दुसरी पुसून टाकली. आत्तोबांनी त्याला बोलावून समजावलं की बाबा, वादळ खरंच दोनदा आलंय, पाव्हणा छत्री इसरली म्हणून परत येतो तसं. मलाही त्यांच्याकडून बोलणी बसत. नायजर आणि नायजेरिया हे एकच, एक मराठी नाव आणि एक इंग्रजी, असा माझा पन्नाशीपर्यंत समज होता. तो मी त्यांच्यापुढं बोलून दाखवल्यावर ते आठवडाभर माझ्याकडे, खानापूर आणि कानपूर एकच समजणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघत होते.

एकदा त्यांनी मला नकाशा दाखवला. देशादेशांमधल्या सरळसोट रेघांवर बोट ठेवून म्हणाले, “ह्या रेघा बघ. पट्टी ठेवून मारल्याती. पॅटर्नला उभी सरळ कड ठेवत न्हाईत रं, जरा उतार द्यावा लागतोय. न्हाईतर काढताना वाळू मोडत्या.” आणि नकाशाची घडी घातली. आम्हा सीमेवरच्या माणसांना रेघांबद्दल जास्त सांगावं लागत नाही.

आता, हा माणूस आशिया सोडून आफ्रिकेच्या मागं का लागला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फक्त ते आम्हाला ठाऊक आहे हे आत्तोबांना ठाऊक नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा सुभाष सुदानमध्ये नाईलकाठच्या एका साखर कारखान्यात पॅनमन होता, म्हणजे उकळत्या रसातून साखरेचा दाणा धरणारा. आपल्या भागातले कारखान्यातले कसबी लोक तिकडं जातात, त्यात नवल नाही. पण आत्तोबांना तो आपल्या लाकडावर, आपल्या रंध्यावर हवा होता. त्यानं सांगितलं की आप्पा, पॅटर्न आता कॉम्प्युटर करतो. ते खरं होतं, म्हणूनच लागलं. तो गेला त्या दिवशी आत्तोबा स्टँडवर गेले नाहीत, आणि पुढं सहा वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. फोन आत्याला यायचा. आत्तोबा शेजारी पेपर धरून बसायचे आणि पेपरचं पान तेवढा वेळ उलटत नसे. एका माणसाची चौकशी करायची नव्हती, म्हणून त्यांनी चोपन्न देशांची चौकशी चालवली होती.

एप्रिलात सुदानमध्ये सैन्याचे दोन गट एकमेकांवर उठले. खार्टूमवर विमानं फिरू लागली. सुभाषचा कारखाना तिथून लांब होता, पण दुसऱ्या दिवशी त्याचा फोन लागेना. आत्या दर तासाला फोन लावायची. आत्तोबांनी शिस्त मोडली नाही. फळ्यावर तीन दिवस मोझांबिक-मलावीतल्या पुनर्वसनाचंच लिहिलेलं राहिलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी ‘सुदानमध्ये लढाई’ एवढे दोन शब्द लिहिले. त्यांच्या अक्षरात मी पहिल्यांदा वाकडा काना बघितला.

मंडळाच्या सेक्रेटरीला राहवलं नाही. पोरगा मनानं चांगला. त्यानं दुपारी खालच्या अर्ध्यात ‘आमच्या गल्लीचे सुपुत्र’ असं लिहून सुभाषचं पूर्ण नाव घातलं आणि खाली बारीक अक्षरात ‘सुखरूप परत येवोत ही ईश्वरचरणी प्रार्थना’ असं लिहिलं. इथवर ठीक होतं. पण शोभा यावी म्हणून त्यानं नावाभोवती खडूची चौकट काढली आणि चार कोपऱ्यांत चार फुलं. आमच्या फळ्यावर चौकट आणि फुलं एकाच कामाला वापरतात. बारीक अक्षर लांबून कोण वाचतो? संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी आत्याकडे बसलो होतो, आणि दारात एकेक बाई येऊ लागली. डोईवरचा पदर ओढलेला, हातात झाकलेली बुट्टी, म्हणजे वेताची टोपली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात, ते आणलं होतं. पहिल्या बाईला आत्यानं बस म्हटलं. दुसरीची बुट्टी बघून ती उठली. तिसरीनं गळ्यात पडायला हात पुढं केले, आणि आत्या आहे तिथं खाली बसली. मी, ज्याला असल्या वेळी काही सुचायला हवं, तो बुट्ट्या मोजत उभा होतो.

आत्तोबा आतून आले. बुट्ट्यांकडे बघितलं, बायकांकडे बघितलं, आणि पायात चप्पल न घालता तडक गल्लीच्या तोंडाला गेले. मागोमाग मी. त्यांनी हातानंच चौकट पुसली, फुलं पुसली, वरची आफ्रिका सगळी पुसली आणि अख्ख्या फळ्यावर लिहिलं: ‘सुभाष जिवंत आहे. फोन लागत नाही, एवढंच. जेवण आणू नये.’ जिवंत आहे हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तीन दिवस सोडा, तीन मिनिटंही न निवलेली, कुठूनही न आलेली बातमी त्यांनी लिहिली होती. मी म्हटलं, आत्तोबा, घरी चला. ते म्हणाले, “हितंच बसतो जरा. पुसायला कोण आलं तर?” आणि कट्ट्यावर बसून राहिले.

पाच दिवसांनी फोन आला. बसनं बंदरापर्यंत, तिथून जहाज, मग विमान, असं करत सुभाष बंगळुरूहून एका सकाळी गल्लीत उतरला. हातात एक पिशवी. अर्धी गल्ली जमली होती. आत्तोबा कट्ट्यावर होते. “आलास?” म्हणाले. तो म्हणाला, “आलो.” एवढ्यावर सहा वर्षं मिटली असं आम्हाला वाटलं, पण तसं काही नव्हतं. दोघं एका घरात राहू लागले आणि आत्याचं काम दुप्पट झालं. आधी ती फोनवर निरोप द्यायची, आता स्वयंपाकघरातून बाहेरच्या सोप्यात. त्याला सांग पाणी तापलंय. त्यांना सांग मी नंतर जातो.

मे सरता सरता आत्तोबांनी लिहिलं, ‘सुदानमधून सर्व भारतीय सुखरूप बाहेर. परिस्थिती निवळली.’ सुभाष सकाळी दूध घेऊन येत होता. तो थांबला, वाचलं, आणि कुणाच्याही मार्फत न जाता सरळ बापाला म्हणाला, “आप्पा, आम्ही भाईर आलो म्हंजे निवळलं व्हय? तिथली माणसं तिथंच हैत की. मला बसपातूर सोडाय आल्याला उस्मान तिथंच हाय. त्याची पोरं हैत.”

आत्तोबांनी फळ्याकडे बघितलं, खिशातला रुमाल काढला आणि शेवटचे दोन शब्द पुसले. मग म्हणाले, “मग काय लिवू?” त्या सकाळी बाप खडू घेऊन उभा आणि लेक हातात दुधाची पिशवी घेऊन सांगतोय, असं अर्धा तास चाललं. दूध नासलं. आत्यानं दोघांना न ओरडता दुसरं आणायला मला पिटाळलं.

मग ते दोघांचं झालं. जुलैत नायजरमध्ये सैन्यानं सत्ता घेतली, ऑगस्ट सरता सरता गॅबनमध्ये. तिथं अर्ध्या शतकाहून जास्त काळ एकाच घरात राज्य होतं. आत्तोबा लिहीत आणि सुभाष शेजारी उभा राहून नावांचे उच्चार सांगे. सप्टेंबरात दिल्लीतल्या मोठ्या परिषदेत आफ्रिकेच्या संघाला कायमची खुर्ची मिळाली. हा आत्तोबांना घरचा सत्कार वाटला. बातमी निवायला तीन दिवस होते, तेवढ्यात त्यांनी मिठाईवाल्याकडे गल्लीसाठी कुंदा सांगून ठेवला. त्याच तीन दिवसांत मोरोक्कोत भूकंप झाला आणि लिबियात धरणं फुटून एका शहराचा मोठा भाग समुद्रात गेला. कुंदा आला तेव्हा फळ्यावर लिहायला खुर्ची राहिलीच नव्हती. बापलेक त्या खोक्याकडे बघत बसले होते. शेवटी सुभाषनं तो दवाखान्याच्या दारात बसणाऱ्यांना वाटून टाकला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही. त्या रात्री दोघं एका पंक्तीला जेवले, असं आत्या सांगते.

उस्मानचा फोन मात्र लागला नाही. सुभाष रोज एकदा लावायचा. दिवाळीनंतर त्याला युगांडातल्या एका कारखान्याचं बोलावणं आलं. पुन्हा आफ्रिका. आम्हाला वाटलं, आता पुन्हा अबोला. माझ्या मनात तर आत्याला धीर द्यायची वाक्यंही तयार होती. सुदैवानं माझी वाक्यं कधी वेळेवर लागत नाहीत. आत्तोबांनी ही बातमीही निवत ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुभाषची बॅग उघडली, तिचं तुटलेलं चाक बघितलं आणि सागाचं एक चाक कातून बसवलं. विमानतळावर अडवतील, असं मी म्हणालो. अडवलं तर अडवू देत, म्हणाले.

डिसेंबरात तो निघाला त्या संध्याकाळी आत्तोबा स्टँडवर आले. बंगळुरूची बस लागली होती. आत्या डबा देत होती, मी उगीच बॅग इकडची तिकडं करत होतो. कंडक्टर ओरडू लागला तेव्हा आत्तोबा खिडकीपाशी गेले. “सुभ्या,” म्हणाले, “तिथं काय झालं, कोण पडला, कोण आला, ते मला कळतंय. पेपरात येतंय. तू जेवलास का न्हाय, हे कुठंच येत न्हाय. तेवढं रोज सांग.”

सुभाषनं डबा मांडीवर घेतला. मान हलवली. बस गेली.

पहिला फोन तिसऱ्या दिवशी आला तेव्हा मी तिथंच होतो. आत्यानं घेतला, दोन शब्द बोलली, आणि आत्तोबांच्या हातात दिला. त्या आठवड्यात पूर्व आफ्रिकेत पुरानं गावं वाहून जात होती. आत्तोबांनी त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. जेवण काय होतं, एवढंच. उकडलेली कच्ची केळी, त्यावर शेंगदाण्याची आमटी. “शेंगदाणं भाजून घेत्यात का कच्चंच?” तिथं सुरू होऊन पाऊण तास. केळी सालासकट उकडतात की सोलून, तिखट घालतात का, वाढतं कोण, शेजारी कोण बसतं. मध्येच ते हळू आवाजात म्हणाले, “आन उस्मानचा लागला काय?” मग म्हणाले, “लावत ऱ्हा. रोज लाव.”

दुसऱ्या दिवशी आत्यानं बाजारातून कच्ची केळी आणली. आत्तोबांना केळं जन्मात आवडलेलं नाही. ताटात त्यांनी तो उकडलेला गोळा बघितला, आमटी ओतून घेतली आणि खाली मान घालून जेवू लागले. कसं झालंय, असं आत्यानं भीत भीत विचारलं. त्यांनी आणखी एक घास घेतला.

“आळणी हाय,” म्हणाले. “पर त्याला हे रोज मिळू दे.”