वामन तांडेलचं कातडी कव्हर

वामन तांडेलला समुद्र लागायचा. चिंचणीच्या मांगेल्या कोळ्याच्या पोराला समुद्र लागणं म्हणजे वाण्याच्या पोराला तराजू बघून घेरी येण्यासारखं. आजा होडी हाकणारा तांडेल, बाप तांडेल, आडनावच तांडेल, आणि हा तिसरा तांडेल होडी किनाऱ्यावरून सुटली रे सुटली की कडेवर ओणवा होऊन सकाळचं खाल्लेलं माशांना परत करायचा. बापानं त्याच्या गळ्यात लिंबू बांधलं, भगताकडून अंगारा आणला, एकदा तर डोलकाठीला बांधून नेला. शेवटी त्याला किनाऱ्यावर उतरवून बाप म्हणाला, “आता जमिनीवरच मर तू.”

वामनला हा आशीर्वाद वाटला. तो ड्रायव्हर झाला.

गाडी होती मासळीवाल्या प्रतापशेटची. लढाईच्या वेळी लष्करानं वापरून टाकून दिलेली, आणि त्यानंतर प्रतापशेटनं वीस वर्षं न टाकलेली. चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावरची मासळी टोपल्यांतून बोईसर स्टेशनवर न्यायची आणि मुंबईच्या गाडीवर चढवायची, हे तिचं काम. दार होडीच्या दोरानं बांधलेलं, बोनेट जाळ्याच्या गाठीनं आवळलेलं, आणि वास असा की समोरून येणारा बैल आपण होऊन कडेला व्हायचा. एस. टी. चुकली की मी वामनच्या शेजारी बसून बोईसर गाठायचो, आणि नंतर दोन दिवस घरात मला कोणी जवळ करत नसे. पण त्या खटाऱ्याच्या स्टेअरिंगमागं बसला की वामन खराखुरा तांडेल दिसायचा. छाती पुढं, नजर लांब. मागं टोपल्यांवर बसलेल्या बाया ओरडायच्या, “हाक रे तांडेला, वारा चांगला हाय!” आणि वामन हॉर्न वाजवायचा. जगात त्याला एवढी एकच जागा होती, आणि ती त्याला पुरत होती.

मग त्याचा डावा हात मरायला लागला.

आधी करंगळी, मग शेजारची, मग तळवा. त्याच्या बायकोला, हंसाला, ते पहिल्यांदा कळलं. वामननं चुलीवरचा भाताचा टोप उघड्या डाव्या हातानं उतरवला, खाली ठेवला आणि विचारलं, “कालवण कसलं हाय?” हंसा त्या तळहाताकडं बघत राहिली. त्याला पालघरच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं टाचणी टोचून पाहिली आणि सांगितलं, की शीर वाळत चालली आहे, यावर औषध नाही, गाडी चालवणं सोडा.

“त्याला काय ठावं?” वामन मला म्हणाला. “त्या डॉक्टरकडं सायकल हाय, सायकल! मोटारीतलं तो काय सांगणार? हाताला काय नाय झालेलं. त्या स्टेअरिंगचा दोष हाय. गुळगुळीत झालंय ते. हात टिकतच नाय.”

स्टेअरिंग खरंच झिजलं होतं. पण ते गेली दहा वर्षं झिजलेलंच होतं, आणि उजवा हात त्यावरून कधी घसरल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्यात अणुवीज केंद्राचं काम सुरू झालेलं. त्या अरुंद रस्त्यावर खडीचे डंपर हत्तींसारखे येत. चाक झटकन वळलं नाही तर गाडी, माणूस आणि बोंबील एकाच टोपलीत भरायची वेळ यायची. प्रतापशेटला हाताचं कळलं तर गाडी जाणार, हे वामनला ठाऊक होतं. म्हणून त्यानं ठरवलं, की स्टेअरिंगला कातडी कव्हर घालायचं. जाड, खरखरीत, घट्ट. मग हात कसा घसरतो ते बघू!

बोईसर स्टेशनाबाहेर रामकिसन बसायचा. कामगारांच्या लोंढ्याबरोबर मराठवाड्यातून आला होता, बूट-पट्टे शिवायचा. वामननं त्याच्यापुढं बैठक मारली आणि मला पंच म्हणून उभं केलं. रामकिसननं बकरीचं कातडं दाखवलं, म्हशीचं दाखवलं. वामननं एकेक तुकडा उचलला आणि डोळे मिटून गालावर घासला.

रामकिसननं काम थांबवलं. “मामा, काय करू लागलात?”

“पारखतो.”

“सोयरीक जमवायलात का काय? लोक हातानं बघत्यात.”

“हातानं काय समजतं?” वामन म्हणाला आणि म्हशीचं कातडं दुसऱ्या गालावर घासलं. “हे पायजे. हे चावतं.”

गाल लाल झाला होता. रामकिसन हसत होता, मीही हसलो. वामन हसला नाही.

मग माप. रामकिसननं स्टेअरिंगच्या चाकाभोवती सुतळी फिरवली आणि सुतळीपेक्षा दोन बोटं कमीच कापायला घेतली. वामननं त्याचा हात धरला. उजव्या हातानं.

“कमी कुठं कापतो? चार बोटं जास्त ठेव. भिजवल्यावर आटेल ना!”

“आटत नाही मामा. भिजलं की ढिलं पडतंय. म्हणून कमी कापायचं अन् ओढून बसवायचं.”

“मला शिकवतो? जाळं भिजलं का आटतं. आमच्या सात पिढ्या जाळी भिजवतात.”

“जाळं सुताचं असतंय. हे म्हशीचं हाय.”

“म्हैस पाण्यात बसते का नाय दिवसभर? ढिली पडते?”

रामकिसननं माझ्याकडं पाहिलं आणि रापी उचलली. कातडं चार बोटं जास्त कापलं गेलं. कडेला भोकं पाडली, पाण्यात मुरवलं, आणि शिवायची वेळ आली तेव्हा वामननं सुई काढून घेतली. “जाळ्याची गाठ मारतो. तुज्या बापजन्मात सुटणार नाय.”

तो स्टेअरिंगमागं बसला. डाव्या हातानं कातडं दाबून धरलं, उजव्यानं सुई चालवायला लागला, आणि एका डंपरवाल्याला त्यानं आदल्या दिवशी कशा शिव्या दिल्या ते सांगू लागला. गोष्ट रंगात आली होती. टाके भराभर पडत होते. रामकिसन हसता हसता एकदम थांबला.

“मामा. बोट शिवलंत.”

वामननं खाली पाहिलं. डाव्या अनामिकेची कातडी दोऱ्यात घेऊन त्यानं गाठ पक्की आवळली होती. कातड्यावरून लाल ओघळ उतरत होता.

“रंग कच्चा हाय तुजा,” वामन म्हणाला. “उतरायला लागला बघ.”

रामकिसननं रापीच्या टोकानं दोरा कापला, बोट सोडवलं, फडक्यात गुंडाळलं. मग वामनला बाजूला बसवून उरलेले टाके स्वतः घातले. आता तो मामाची थट्टा करत नव्हता, आणि तेच मला आवडलं नाही.

कव्हर ढिलंच बसलं. दुसऱ्या दिवशी तारापूरच्या वळणावर वामननं चाक फिरवलं. कव्हर फिरलं, चाक नाही. गाडी सरळ खाजणात उतरली, आणि बोंबलांच्या टोपल्या चिखलात. कोणाला लागलं नाही. शकू नावाची एक जाडजूड कोळीण गुडघाभर चिखलात उभी राहून ओरडत होती, “अरे तांडेला, समुद्र त्या अंगाला हाय! इथं कुठं होडी घातलीस?”

एवढा आनंदी वामन मी कधी पाहिला नाही. तो अंगभर चिखल घेऊन नाचत होता. “बघितलंस? कव्हर फिरलं! दोष कव्हरचा! सगळ्यांनी बघितलंय, शकू, सांग तू शेटला!” प्रतापशेटनंही ते मान्य केलं, रामकिसनला शिव्या घातल्या आणि कव्हर नीट करून घ्यायला सांगितलं. आठवडाभर वामन भेटेल त्याला चिखलाची गोष्ट सांगत होता. कुणी तरी दुसरा दोषी सापडला होता, आणि तोही म्हशीच्या कातड्याचा.

या वेळी वामन मधे बोलला नाही. रामकिसननं जुनं उसवलं, दोन बोटं कमी धरून कापलं, भिजवलं, गुडघा टेकून ओढलं, आणि जवळजवळ श्वास न घेता शिवलं. वर मोगरीच्या दांड्यानं घासलं, सावलीत वाळू दिलं. वाळल्यावर ते कव्हर चाकाला असं बसलं, की जणू ती म्हैस ते चाक घेऊनच जन्मली असावी. मी बोट लावून पाहिलं. तसूभर हललं नाही. तळव्याला चावत होतं.

त्या सकाळी मी शेजारी बसलो होतो. बोईसरच्या अलीकडं वळणावर डंपर आला. वामननं दोन्ही हातांनी चाक वळवलं, आणि डावा हात त्यावरून निघून गेला. तो घसरला नाही, नुसता निघून गेला आणि मांडीवर पडला. वामननं छाती चाकावर टाकली, उजव्या हातानं गाडी ओढली. डंपर आमच्या दाराचा दोर घासून गेला. मागच्या बायांना काहीच कळलं नाही. त्या हसत होत्या.

वामननं गाडी कडेला घेतली. मी म्हटलं, “कव्हर परत ढिलं पडलं असेल.” त्यानं उजव्या हातानं कव्हर पिरगाळलं. पुन्हा पिरगाळलं. मग सगळ्या अंगाचा जोर लावून पिरगाळलं. ते चांगलं होतं. त्याच्यात काही म्हणजे काही दोष नव्हता.

बोईसरपर्यंत तो बैलगाडीच्या वेगानं गेला. मासळी चढवली. परत येऊन मला सोबत घेऊन प्रतापशेटच्या ओटीवर चढला आणि किल्ली पुढं ठेवली. शेट चहा पीत होता. त्याला वाटलं, पगारवाढ.

“काय वामन्या, आता काय पायजे? सीटला पण म्हैस?”

“हात गेला, शेट.”

“कुठं गेला? हाय की तुज्या खांद्याला.”

“दिसायला हाय.”

शेटनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्यानं कप ठेवला, आपली दोन बोटं पुढं केली आणि लहान पोराला म्हणावं तसं हळू म्हणाला, “धर बघू.”

वामननं डावा हात उचलला आणि शेटच्या बोटांवर ठेवला. दात आवळले. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. कपाळावर घाम आला.

शेट वाट बघत होता. “धर ना रे. जोरात धर.”

“धरलंय, शेट,” वामन म्हणाला.