कुस्तीचा फोटो आणि दुसरं वर्ष

मी गाव सोडलं त्या दिवशी माझी गाडी तुम्हा गावकऱ्यांमुळे चुकणार होती, हे आधी सांगून टाकतो. जालना स्टेशनात मनमाडकडे जाणारी मीटरगेजची गाडी शिट्टी देत होती आणि तुम्ही सगळे फलाटावर उंचीप्रमाणे रांग लावून उभे. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, टोपी नीट केली. मायनं पदर सारखा केला आणि तिचा चेहरा कोर्टात उभी असल्यासारखा झाला. दादा म्हणाले, "आधी फोटो काढ, मंग चढ. गाडी कुठं पळून जाती?" गाडी पळायलाच लागली होती. मी धावत पकडली, पण माझी वळकटी फलाटावरच राहिली.

दोष माझाच, हेही कबूल करतो. त्याआधी सहा वर्षं मी नवीन जालन्यात मामाच्या स्टुडिओत होतो. लग्न, शाळा, जत्रा, जिथून बोलावणं येईल तिथं कॅमेरा घेऊन जायचो. फिल्म महाग आणि मामा कडक. एक माणूस हलला की दिवसभर बोलणी खावी लागत. म्हणून मी राजूरपासून भोकरदनपर्यंत प्रत्येकावर खेकसत आलो: हलू नका, श्वास धरा, इकडं बघा. म्हाताऱ्या ऐकायला लागल्या, नवरदेव ऐकायला लागले. अख्खा तालुका मी एकट्यानं शिकवून तयार केला.

मग पुण्यातल्या एका संस्थेनं खेळांचे फोटो काढू पाहणाऱ्या नवख्यांसाठी शिष्यवृत्ती काढली. दोन वर्षं राहायची सोय, फिल्म, आणि शिकवायला एका दैनिकातले मुरलेले छायाचित्रकार. मी आपल्या कबड्डीच्या संघाचा फोटो पाठवला, सगळे छातीवर हात बांधून उभे. तरी निवड झाली. ते छायाचित्रकार, म्हणजे आमचे सर, नंतर म्हणाले, "फोकस चांगला होता. खेळ तेवढा नव्हता." दादांना हे प्रकरण पटलंच नाही. "माणसं पळून राह्यली अन् तू फोटो काढणार? मंग तोंड कसं दिसंल?" असं त्यांनी विचारलं होतं.

पुण्यात मेसची गोड आमटी गिळत मी टेलिलेन्स, डेडलाइन असले शब्द शिकलो. पण सवय जाईना. बोट बटणावर गेलं की तोंडातून आपोआप "हलू नका" निघायचं. एकदा हॉकीच्या सामन्यात निघालं. गोलकीपरनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि गोल झाला. त्या संघाची माफी सरांनी मागितली.

पहिलं वर्ष संपताना सर म्हणाले, "तुमच्याकडे जत्रेत कुस्त्या होतात ना? ऐन कुस्तीतली एक जिवंत फ्रेम आणा. आणलीत तर दुसऱ्या वर्षाच्या कागदावर सही करतो. नाहीतर मामाचा स्टुडिओ आहेच." मला वाटलं, यात काय अवघड? आपलंच गाव, आपलाच आखाडा.

जत्रेच्या त्या दिवशी काय केलंत आठवतंय ना? माझा बालमित्र कचरू पहिलवान. त्यानं समोरच्या गड्याला कमरेतून उचलला होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला. कचरूनं मला पाहिलं आणि त्या गड्याला अलगद खाली ठेवलं. दोघांनी अंगावरची माती झटकली, खांद्याला खांदा लावून उभे राहिले. हलगी थांबली. वस्ताद ओरडले, "हालू नका रे! सुकदेव फोटो काढून राह्यला!" सगळा आखाडा श्वास धरून माझ्याकडे बघायला लागला.

मी हात जोडले, शिव्या दिल्या. "आरं खेळा की!" तुम्ही खेळायचात, कॅमेरा वर गेला की थांबायचात. शेवटी बैलगाडीच्या आड लपलो, तर एका आजीनं हाक दिली, "इकडं बसलाय, इकडं बघा!" एकामागून एक कुस्त्या अशाच गेल्या.

माझं तोंड बघून कचरूला दया आली. म्हणाला, "तू बोल, कोन्ता डाव पाहिजे. म्हणशील तितका वेळ धरून राहतो." दोघं अंघोळ करून, तेल लावून, भांग पाडून आले. कचरूनं धोबीपछाड बांधला आणि तसाच धरून ठेवला. खांद्यावरचा गडी उलटा लटकून माझ्याकडे बघून हसत होता. मी फोटो काढला. लाज वाटली, पण काढला.

सरांनी भिंग लावलं. "याला आपटतायत, आणि याचा भांग मोडलेला नाही?" मी सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता परतीचं तिकीट. ते आधी खूप हसले, मग गंभीर झाले. "गाव तुम्हाला ओळखतं. तिथं तुम्हाला खेळ मिळणार नाही. जिथं कुत्रंही ओळखत नाही तिथं जा." त्यांनी मला सांगलीकडच्या एका मैदानावर धाडलं. तिथं एकानं माझ्या पायावर पाय दिला, दुसऱ्यानं कोपर मारलं, कुणी वळूनही पाहिलं नाही. पहिल्याच कुस्तीत हवी ती फ्रेम मिळाली: उडालेली माती, आवळलेले दात. सरांनी सही केली.

आता मी दैनिकात आहे. धावणारी, पडणारी, जिंकून रडणारी अनोळखी माणसं माझ्याकडे ढिगानं आहेत. मायचा हसतानाचा एक फोटो नाही. कचरूचा कुस्ती खेळतानाचाही नाही, आणि गेल्या साली गुडघा गेल्यापासून तो खेळतही नाही. याचा मला तुमच्यावर राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही.

घर म्हणजे काय, हे मला आता असं कळतं: मी आलो की जिथं चाललेलं सगळं थांबतं. त्या वेडेपणामुळे मला तिथं काम करता येत नाही. इथं हजारो लोकांच्या मैदानात मी आलो काय, गेलो काय, कुणाचंच काही थांबत नाही, आणि त्यावरच माझं पोट चालतं. तरी एखाद्या दिवशी सामना रंगात असताना, डोळा कॅमेऱ्याला असताना वाटतं, समोरच्यानं खेळ तसाच सोडावा, माझ्याकडे वळावं आणि विचारावं, "कव्हा आलास रे?"