थेट सर्व्हरवर

हे मी घरी सांगितलेलं नाही. ऑफिसात तर नाहीच. तुम्हालाच सांगते आहे, आणि सांगताना स्वतःचाच इतका राग येतो आहे की वाक्यं धड जुळत नाहीत.

रामदासपेठेतल्या एका छोट्या वेबसाइट कंपनीत मी टीम सांभाळते. शिस्तीची बाई म्हणून ओळख आहे. हे कौतुक ऐकलं की हल्ली डोकं फिरतं. कारण नियम मीच घातला होता — सर्व्हरवरच्या फाइलला कोणीही थेट हात लावायचा नाही. बदल आधी गिटमध्ये टाकायचा, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये, करणाऱ्याच्या नावासकट. मग स्क्रिप्ट चालवायची. ती गिटमधल्या कोडवरून साइट नव्याने तयार करते आणि सर्व्हरवरची जुनी पुसून तिथे ठेवते. किती भाषणं ठोकली मी यावर! नव्या माणसाला पहिल्याच दिवशी, चहा यायच्या आत.

एका हॉस्पिटलची साइट आमच्याकडे होती. त्यांच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर बदलला. डॉक्टरांनी ऑफिसच्या फोनवर सांगितलं, "आत्ताच्या आत्ता बदला." फोन मी उचलला होता. आम्हाला रामटेकला लग्नाला जायचं होतं, गाडी खाली हॉर्न मारत होती. मी सरळ सर्व्हरवर शिरले, फाइल उघडली, नंबर बदलला, निघाले. गिटमध्ये सोमवारी टाकू म्हटलं. टाकला नाही. विसरले. भाजीच्या पिशवीलाही यादी लावणारी बाई — विसरले!

पुढे दिवाळी आली. निलेशने हॉस्पिटलच्या साइटवर शुभेच्छांचं चित्र चढवलं. निलेश आमच्याकडचा जुना माणूस. हुडकेश्वरहून यायचा, घरात कमावणारा एकटा. त्याने सगळं माझ्या नियमाने केलं. चित्र गिटमध्ये टाकलं, स्क्रिप्ट चालवली. आणि स्क्रिप्टने मी हाताने घातलेला नंबर पुसून गिटमधला जुना, बंद पडलेला नंबर परत आणला. दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी मुलगा छातीत दुखणाऱ्या बापासाठी तोच नंबर लावत बसला. शेवटी ऑटोत घालून नेलं. बाप वाचला. ती माझी पुण्याई नाही.

डॉक्टर आमच्या सरांवर कडाडले. काय झालं ते मला तिथेच कळलं. नव्हतं कळलं, असं कोणत्या तोंडाने म्हणू? मी झटपट योग्य नंबर गिटमध्ये टाकला, साइट दुरुस्त केली — आणि सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

मग निलेश बोलला. "सर, गिटमध्ये नवा नंबर कधी नव्हताच. मंग दिवाळीपर्यंत साइटवर दिसत होता, तो आला कुठून? कोणी तरी हातानं टाकला असन ना."

बरोबर होतं त्याचं. अक्षरन् अक्षर बरोबर. आणि मी काय म्हणाले? शांतपणे म्हणाले — "सर्व्हरचा पासवर्ड आपल्या दोघांकडेच आहे, निलेश."

बस, एवढंच. पुढचं सरांनी आपणच जुळवलं. मी तर नियम घालणारी, मग राहिला कोण?

निलेश माझ्याकडे बघत राहिला. "बरोबर हाय मॅडम. तुम्ही तं नियमवाल्या. तुम्ही काहून करान?"

त्याला कळलं होतं. मला कळलं की त्याला कळलं आहे. आणि सर मान हलवत होते! त्या खोलीत खरं बोलायला मला काय धाड भरली होती? माझी नोकरी गेली नसती. ओरडा बसला असता, चार दिवस मान खाली घालावी लागली असती. तेवढंही मला नको होतं.

महिनाअखेर त्याला काढलं.

इथे थांबले असते तर भेकड म्हणून सुटले असते. पण पुढे एका कंपनीतून फोन आला. निलेशला घ्यायचा विचार आहे, माणूस कसा आहे? बाजूला कोणी नव्हतं. मला कोणी कोंडीत पकडलं नव्हतं, खरं बोलून काही जाणारही नव्हतं. तरी मी म्हणाले, "हुशार आहे. पण शिस्त नाही, परस्पर बदल करतो."

त्यांनी त्याला घेतलं नाही.

नियम मी मोडला. त्याने तंतोतंत पाळला. आणि मोडणारा म्हणून मी त्याचं नाव सांगितलं — दोनदा.