छताचे फोटो काढणारा

ताज्या रंगाचा वास आला की तो माणूस आठवतो. सीवूड्सच्या आमच्या वाचनालयात तो पुस्तकाला हात न लावता नुसते छताचे फोटो काढत होता. हा चोरीसाठी जागा हेरतोय, अशी माझी खात्रीच झाली. मी त्याचा मोबाईल मागून घेतला. आत शेकडो फोटो, सगळे फायर अलार्मचे! "छंद आहे काका, टेन्शन नका घेऊ." "असले छंद असतात होय?" मी दरडावलं. त्याने वर बोट दाखवलं. "धूर ओळखणाऱ्या त्या डब्यांवरही कोणीतरी रंग मारलाय. आग लागली तरी वाजणार नाहीत." साहेब पाहणीला येणार म्हणून छत मीच रंगवून घेतलं होतं. हल्ली कुठल्याही ऑफिसात शिरलो की माझी नजर आधी वर जाते, आणि वॉचमन माझ्यावर नजर ठेवतो.