मॅडमच्या पिशवीतले बोंबील

हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. आमच्या पूनम सागर सोसायटीत कुठलीही गोष्ट एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत तिला शेपूट फुटतं, आणि ही गोष्ट तर मुळातच शेपूटवाल्याची आहे.

मी उत्तनची. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात आयुष्यभर मासळी विकली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. ज्या रद्दीत गिऱ्हाइकांना मासळी बांधून द्यायचे, तीच रद्दी वाचत वाचत वाचायला शिकले. त्यामुळे मला कोणी काही शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हातारपणी लेकाने मला मीरा रोडला आणलं. एकदा उत्तनला गेले होते, तर बोंबील वाळवायच्या बांबूंखाली टाकून दिलेल्या जाळ्यात एक कुत्रा अडकलेला. गळ्याला फास, एक कान फाटलेला. लोक म्हणाले, "जाऊ दे, जगत न्हाय तो." मी सुरी मागितली, जाळं कापलं आणि त्याला पदरात घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाला कुरकुरला. मी म्हटलं, "तुला वास येत असेल तर तो माझा हाय, कुत्र्याचा न्हाय. चल."

नाव ठेवलं तांडेल. आमच्याकडे होडीच्या कप्तानाला तांडेल म्हणतात. वाटलं, घर राखेल. कसलं काय! भुंकणं त्याला ठाऊकच नाही. त्याचा एकच उद्योग: ज्याचं मन जड झालंय, त्याच्यापाशी जाऊन बसायचं. एकदा वॉचमन मला म्हणाला, "माँजी, गाँव से फोन आया था, पिताजी नहीं रहे. मैंने किसी को बताया नहीं. ये आया और मेरे पैर पे सिर रखके बैठ गया." या मुक्या जनावराला कोणी सांगितलं?

आता फिलूबद्दल सांगते. फिलोमिना. बाजारात माझ्या शेजारी तिची पाटी. आम्ही रोज भांडायचो. माझे बोंबील कच्चे, तिचे खारट, माझं गिऱ्हाईक तिने ओढलं, तिचं मी. तिची जीभ सुटली की गिऱ्हाईक पिशवी टाकून पळायचं. त्या फिलूला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. लेकीने तिला मीरा रोडच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. मी जायची, तर ती खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. डॉक्टर म्हणाले, वाचा परत येऊ शकते, पण बाईंनीच प्रयत्न सोडलाय. मी तिला वाट्टेल ते बोलले, मुद्दाम. तिने मान वळवली नाही. घरी येऊन मला जेवण जाईना. आता मी भांडायचं कोणाशी?

आणि एक दिवस त्या केंद्रात रेवती मॅडम आल्या, आपला कुत्रा घेऊन. तो पेशंटांपाशी जाऊन बसतो, त्यांना बरं वाटतं, ते हात हलवतात, बोलतात. मी म्हटलं, "हे तर माझा तांडेल फुकटात करतो. उद्या आणते."

"आजी, असा नाही आणता येत. तो शिकलेला लागतो. परीक्षा द्यावी लागते."

"देईल की."

"परीक्षा दोघांची असते, बरं का. तुमचीही."

मला वाटलं, बाई मान देऊन बोलतेय.

मॅडमच्या वर्गात तांडेल सगळं शिकला. चाकाची खुर्ची अंगावरून गेली तरी हलायचा नाही. अडचण एकच. शेवटच्या परीक्षेत मॅडम स्वतः पेशंटसारख्या खुर्चीत बसणार, त्यांच्याकडे शांतपणे जायचं. खाण्याचं आमिष दाखवायचं नाही. आणि आमचा कप्तान! त्याच्या मनात असेल त्याच्याकडेच जाणार. रेवती मॅडम तर कायम हसऱ्या. त्यांच्याकडे तो कशाला जाईल? आणि तो नापास झाला तर फिलू भिंतीकडेच बघत राहणार.

मग मी माझी अक्कल चालवली. कोळणीची अक्कल कुठे धावणार? घरच्या खिडकीच्या ग्रीलवर बोंबील सुकत होते, सोसायटीच्या नाकावर टिच्चून. त्यातले मूठभर कागदात बांधले. परीक्षा फिलूच्या केंद्रातल्या हॉलमध्येच होती; तीही तिथेच, भिंतीकडे तोंड करून. मॅडमनी त्यांची कापडी पिशवी खुर्चीला अडकवली आणि पाणी प्यायला गेल्या. मी पुडी सोडली आणि बोंबील पिशवीच्या तळाशी सारले.

परीक्षा सुरू झाली. मॅडम खुर्चीत बसल्या, तांडेल समोर बसला. आणि खिडकीतून एक मांजर आत आलं.

मग दुसरं. मग कंपाउंडमधली सगळी बिरादरी. एक मॅडमच्या मांडीवर, एक पाठीवर, दोन पिशवीला लोंबकळलेली. औषधांचा ट्रे धाडकन खाली. नर्स स्टुलावर. मॅडम ओरडल्या, "ही कुठून आली?"

मी म्हटलं, "मीरा रोडला मांजरं फार, मॅडम."

आणि तांडेल? वादळात सुकाणू धरल्यासारखा बसून. एका मांजराची शेपटी त्याच्या नाकावरून गेली, त्याने फक्त डोळे मिटले. बोंबलांकडे तर ढुंकून पाहिलं नाही. अहो, ज्याचा जन्म बोंबलांखाली गेला, त्याला त्या वासाचं काय कौतुक? हे माझ्यासारख्या कोळणीला सुचू नये?

मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. "आजी, असा कुत्रा मी कधी पाहिला नाही."

तेवढ्यात तो उठला. मॅडमना ओलांडून, मांजरांमधून वाट काढत सरळ भिंतीकडे. फिलूच्या खुर्चीकडे. मी ओरडले, "तिकडे न्हाय रे, इकडे!" मॅडमनी मला हाताने गप्प केलं.

त्याने फिलूच्या त्या निर्जीव उजव्या हाताखाली डोकं घातलं आणि उभा राहिला. नुसता उभा. हॉलमध्ये मांजरंसुद्धा गप्प झाली, खोटं सांगत नाही. किती वेळ गेला देव जाणे. मग फिलूचं एक बोट हललं. मग दुसरं. ती बोटं चाचपडत त्याच्या फाटक्या कानापर्यंत गेली आणि कान कुरवाळू लागली.

मी देवळात कधी इतके हात जोडले नसतील.

फिलूने मान वळवली. भिंतीकडून आमच्याकडे. डोळ्यांत पाणी. नाक फेंदारलं, वास घेतला. वाकडे ओठ हलले.

"बोंबील..." ती म्हणाली.

नर्स रडायला लागली. मॅडमही. मी तर हुंदके देत होते.

"बोंबील... कच्चा हाय."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? तिचे पाय धरायचे, देवाचे आभार मानायचे. पण भर बाजारात आयुष्यभर जे ऐकलं तेच कानावर पडलं आणि माझं तोंड सुटलं.

"कच्चा? माझा बोंबील कच्चा? कडकडीत ऊन दाखवून मग मॅडमच्या पिशवीत घातलाय मी!"

मॅडमनी हळूच पिशवीत हात घातला.

निकाल तुम्हाला कळलाच असेल. तांडेल पास झाला, मॅडम म्हणतात त्याच्यासारखा तोच. मी नापास. आमिष दाखवलं, आरडाओरडा केला, पेशंटशी भांडले. आता तांडेल मॅडमबरोबर आत जातो, आणि शिकवायला आलेल्याला पळवून लावणारी मी, नवशिक्यांच्या वर्गात बसून दोरी सैल कशी धरायची ते शिकते.

फिलू आता बरीच बोलते. मी बाहेरच्या बाकावर असते, तिथवर आवाज येतो. परवा मॅडमना सांगत होती, "कुत्र्याला रोज आना. तिला नापासच ठेवा."

आणि खरं सांगू? ग्रीलवर ऊन अर्धा दिवसच येतं. बोंबील कच्चेच होते.