वाटणीत गेलेला मॉनिटर

भुतं मी पुष्कळ पाहिली, आणि एकूण एक स्क्रू-ड्रायव्हरनं उतरवली.

हिंगोलीत माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. गोष्ट दोन हजार तीन-चारच्या आसपासची. तेव्हा गावोगावी नवे नवे कॉम्प्युटर शिरत होते आणि त्यांच्या मागोमाग त्यांची भुतं. "सायेब, हात लावला की झटका देतं, आमी बाबाला बी दाखवलं." व्हायचं काय, कॉम्प्युटरच्या खोलीत माणसं देवघरात जावं तशी चपला बाहेर काढून जायची. पाय अनवाणी, फरशी ओल्या फडक्यानं पुसलेली, घराला अर्थिंग नाही... पत्र्याच्या कॅबिनेटला बोट लागलं की संचार! मी अंगणात खड्डा खणायचो, त्यात मीठ आणि कोळसा टाकून अर्थिंगची तार पुरायचो. जमलेल्या बायांना वाटायचं, उतारा पुरतोय. मग मीही ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचो. गिऱ्हाइकाचं समाधान महत्त्वाचं.

चालता चालता कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो? पंखा उघडून बघा. आमच्या मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्य-हळदीच्या बाजाराजवळच्या, मशिनींत हळदीची पिवळी पूड इतकी साचायची की कॅबिनेट नवरीसारखं निघायचं. नुसतं पीं-पीं ओरडतंय? रॅमची पट्टी काढा, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासा, परत दाबून बसवा. तुमच्या भुताचं मूळ बहुतेक वेळा एवढंच असतं. तर अमानवीय वगैरे मी कधी मानलं नाही, हे आधी लिहून ठेवतो. आता कुरुंद्याचं ऐका.

कुरुंद्याला दोन भाऊ होते. थोरले दत्तराव, धाकटा बालाजी. हळदीची शेती, आणि समोरच्या खोलीत एक कॉम्प्युटर. त्यावर गावाचे अर्ज आणि लग्नपत्रिका टाइप व्हायच्या. मशीन मीच जोडून दिलेलं. दत्तराव दोन बोटांनी टाइप करायचे, पण तालुक्याच्या कचेरीत त्यांचा अर्ज कुणी परत पाठवला नाही. बालाजीला मात्र दर महिन्याला काहीतरी बदलायचं असायचं. रॅम वाढवू, मोठी डिस्क टाकू. थोरल्याचं एकच म्हणणं, "चालू हाय त्याला हात लावायचा न्हाई." एक दिवस थोरले रानात गेलेले असताना बालाजीनं डिस्क बदलायला घेतली आणि दत्तरावांनी जपून ठेवलेले सगळे अर्ज पुसले गेले. (तुम्हीही लिहून ठेवा. डिस्कला हात लावायच्या आधी आतल्या सगळ्याची नक्कल काढायची. भाऊ वाचतो.)

त्यावरून जे पेटलं ते वाटणीपर्यंत गेलं. पंच बसले. जुन्या रीतीनं थोरल्यानं वाटे केले आणि धाकट्यानं आधी उचलायचं ठरलं. भांडी झाली, बैल झाले, रान झालं, कॉम्प्युटर राहिला. पंचांच्या हिशेबी टीव्हीसारखा दिसणारा तो कॉम्प्युटर आणि खालचा डबा म्हणजे त्याचा स्टॅबिलायझर. एक वस्तू एकाला, एक दुसऱ्याला. दोघा भावांना खरं काय ते माहीत होतं, पण दोघंही इरेला पेटलेले. बालाजीनं मॉनिटर उचलला. दत्तरावांनी डबा उचलला आणि ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, खळ्याजवळच्या घरात राहायला गेले. त्यांची बायको मागेच वारली होती. मूलबाळ नव्हतं. बोलणं बंद झालं.

दोघंही, एकमेकांना न सांगता, माझ्याकडे आले. एका भांडणात दोन गिऱ्हाइकं, मी कशाला मध्ये पडू? दत्तरावांना माझ्याकडचा जुना काळा-पांढरा मॉनिटर जोडून दिला. बालाजीच्या नव्या कॅबिनेटचे पार्ट हैदराबादहून यायचे होते, म्हणून त्याचा मॉनिटर टेबलावर नुसताच बसून राहिला.

आठवड्याभरात बालाजीचा फोन आला.

"भाऊ, तुमी जरा येऊन जाता का? टीव्हीवर दादा दिसून राहिला."

"दादा?"

"म्हंजे दादाचं लिहिणं. तो तिकडं लिहितो अन् इकडं उमटतं."

मी हसून घेतलं आणि गेलो. मॉनिटर चालू होता. मागची केबल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती, पिना हवेत. कॉम्प्युटर जोडलेला नसला की मॉनिटर झोपतो, त्याचा दिवा नारिंगी होऊन मिचमिचतो. हा दिवा हिरवा होता. स्थिर. आणि पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं, थांबत, अडखळत, दोन बोटांच्या चालीनं... गावातल्या कुण्या बाईचा रेशनकार्डाचा अर्ज.

मी पंखा साफ करायच्या निमित्तानं थेट दत्तरावांकडे गेलो. त्यांच्या पडद्यावर तोच अर्ज, तेच शब्द. थंड राहावा म्हणून त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं होतं. मला आनंद झाला. सापडलं! परत येऊन बालाजीला ऐटीत सांगितलं, "उघड्या डब्यातून लहरी निघतात. रेडिओला स्टेशन लागतं तसं तुझ्या मॉनिटरला दादा लागतो." दोन घरांत अख्खं गाव आडवं होतं, पण इतक्या छान स्पष्टीकरणाला असले प्रश्न विचारायचे नसतात.

बालाजीनं मान हलवली. त्याची बायको सुमनवहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "भाऊजी, यांनी भावाशी बोलणं सोडलं अन् दिवसभर त्या काचेशी भांडून राहिलेत."

"भांडत न्हाई," बालाजी म्हणाला. "तहसीलदाराच्या आधी 'मा.' लावायचं इसरला तो. आता मी न्हाई तर कोण सांगंल त्याला?"

"मग जाऊन सांगा की."

"तू चहा दे."

पार्ट आले तसं मी दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा उत्तर आलं, "घाई न्हाई, भाऊ." शेवटी मीच डबा मोटारसायकलला बांधून भर दुपारी कुरुंद्याला पोचलो. हळद शिजवायचे दिवस होते, गावभर तो उग्र वास. बालाजी मॉनिटरपुढं बसलेला. पडद्यावर अर्ज चालला होता... खळ्याकडच्या विजेच्या खांबाबद्दल. 'तरी विनंती की सदर खांब' इथपर्यंत आला आणि थांबला.

मी कॅबिनेट खोक्यातून बाहेर काढत होतो. नजर वर गेली तेव्हा कर्सर खाली सरकत होता. एक ओळ. मग दुसरी. काही न लिहिता, कोऱ्या ओळींमागून कोऱ्या ओळी. पान संपलं, दुसरं आलं, तेही कोरं. घाई नाही, गडबड नाही. विहिरीत दोर सोडावा तसा तो आपला खाली, खाली...

"एन्टर अडकलं असंल," मी म्हणालो. "की काढून कापसानं पुसली की—"

"दादा वाक्य पुरं केल्याबिगर एन्टर मारत न्हाई," बालाजी म्हणाला, आणि उठून पळाला. तसाच, अनवाणी. त्याच्या मागं वहिनी.

मी एकटा उरलो. सवयीनं हात मागं गेला, केबल हातात घेतली. पिना थंड. मग मॉनिटरची वायरच बोर्डातून उपटली. काच काळी व्हायला हवी होती... कर्सर खाली जातच होता. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं कर्सर थांबला, तिथंच जरा मिचमिचला आणि काच विझली.

दत्तराव जिवंत सापडले. अर्धांगाचा झटका आला होता. बालाजीनं जीपमध्ये घालून वसमतला नेलं, तिथून नांदेडला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता.

आता नीट ऐका. ते कॉम्प्युटरपाशी सापडलेच नाहीत. ते सापडले घरामागं, वाळत घातलेल्या हळदीत, पालथे. संध्याकाळी मी त्यांच्या घरात जाऊन पाहिलं. कॉम्प्युटरवर कापड घातलेलं, वर खळ्यातली धूळ. बटण बंद. चालू असता तरी उपयोग नव्हता, कारण त्यांच्या गल्लीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आदल्या दिवशीच उडाली होती. त्या टोकाला वीजच नव्हती. माझ्या लहरी निघाल्या कुठून?

दोनेक महिन्यांनी मी भेटायला गेलो. बालाजीनं त्यांना आपल्या घरी आणलं होतं. उजवा हात मांडीवर पडलेला, जीभ जड. मॉनिटर खाली ठेवून भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. मी हळूच विचारलं, त्या दिवशी काय करत होता?

"हळद... परतून राहिलो होतो," दत्तराव म्हणाले. "मनात अर्ज जुळवत होतो. खांबाचा. लाइट आली की टाइप करू म्हणलं." थांबून दम घेतला. "मग पडलो. हाक निघंना. सगळं खाली खाली चाललं."

बालाजी त्यांच्या बनियनवरची घडी उगाच नीट करत होता.

दत्तरावांनी त्याच्याकडं पाहिलं. काचेवर अर्ज उमटायचे, एवढं त्यांना बालाजीनं सांगितलेलं होतं. "बाळ्या... म्हंजे मी मनात जे जे म्हणायचो, ते समदं तू वाचलं?"

"थोडं."

"शिव्या बी?"

"त्या पयल्या आठवड्यातच वाचल्या."

"अन् तरी पाहत बसला?"

"नंतर नंतर कमी झाल्या, दादा," बालाजी म्हणाला, आणि पाणी आणायला उठला.

दत्तरावांचं तोंड एका बाजूनं हसलं. दुसरी बाजू हसू शकत नव्हती.

तो मॉनिटर मी पुढं दुकानात आणून पूर्ण उघडला. एकेक सांधा तपासला, ट्यूब बदलायची गरज नव्हती, सोल्डर शाबूत. कॉम्प्युटरला जोडला की चालायचा, केबल काढली की झोपायचा. नारिंगी दिवा, बराबर. इतका निरोगी मॉनिटर मी पाहिला नाही. मित्रांना किस्सा सांगितला की ते लहरींचं काढतात, इंडक्शनचं काढतात, आणि मी मन लावून ऐकतो, कारण ही सगळी स्पष्टीकरणं कधी काळी माझीच होती. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा. फक्त ते दत्तरावांच्या कॉम्प्युटरपाशी येऊन थांबू नये. घरामागं, हळदीपर्यंत पोचलं पाहिजे. माझं अजून पोचलेलं नाही.